आधी टीव्हीची पाठ दाव

दस्तगीर गेल्याचं मला सकाळी फोनवर कळलं आणि माझ्या तोंडून पहिली बाहेर पडली ती शिवी. ती त्यालाच होती. फोनवर त्याचा मेहुणा होता. ‘मास्तर, दस्तगीरभाई गेले... झोपेतच,’ एवढं बोलून तो रडायला लागला, आणि त्याला धीर द्यायचं सोडून मी त्याच्यावरच ओरडलो, ‘आसा कसा जाईल? काल सांजचं मीच त्याला दवाखान्यातनं घरी सोडलाय!’ जणू मी घरी सोडलेल्या माणसाला मरायची परवानगीच नव्हती. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. भेटायला येणारे सांगतात की राग ओसरतो आणि मग माणूस मोकळेपणानं रडतो. माझा अजून ओसरलेला नाही. तो दस्तगीरवर आहे, गावावर आहे, आणि आणखी एका माणसावर आहे, ज्याचं नाव शेवटी घ्यावंच लागेल.

तिसऱ्या दिवशी त्याच्या गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला. कुठल्याशा लग्नातला दस्तगीरचा गॉगल घातलेला फोटो, खाली मंडळाच्या झाडून सगळ्या कार्यकर्त्यांची नावं, आणि वर हातभर अक्षरांत ‘आवाजाचा बादशहा हरपला’. तो बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच मंडळांच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतींपुढं उभं राहून दस्तगीरनं तरुणपणाची पंधरा वर्षं काढली होती. आवाजाचं मशीन सांभाळायला माणूस लागतो, आणि तो भिंतीच्या पुढ्यातच उभा करतात. कानात कापसाचा बोळा घातला तर पोरं हसायची. त्या भिंतींनी त्याचे कान खाल्ले. तुमच्या बादशहाला गेली दहा-बारा वर्षं धड ऐकू येत नव्हतं, आणि हे त्याच्या बायकोशिवाय आणि आणखी एका माणसाशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. मलाही नाही. आठवीपासून त्याच्या बाकावर बसलेल्या मला हे कळलं ते त्याची माती झाल्यावर.

शाळा सुटल्यावर मी भूगोलाचा मास्तर झालो आणि तो बापाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसला. रेडिओ गेले, टेप आले. टेप गेले, मिरवणुकांची मशिनं आली. मग उसाच्या पट्ट्यात बंगले उठले, बंगल्यात भिंतीएवढे टीव्ही लागले, आणि लोकांना घरात थिएटर पाहिजे झालं. रिसीव्हर म्हणजे त्या थिएटरची मधली पेटी. टीव्हीचा नि सेट-टॉप बॉक्सचा आवाज आत घेते आणि चारी बाजूंच्या स्पीकरना वाटून देते. दुकानात गेलं की लोक वॅट विचारतात आणि पेटी उचलून किती जड आहे ते बघतात, कलिंगड निवडल्यासारखं. दस्तगीर असल्या घरी गेला की चहाच्या आधी एकच बोलायचा, ‘आधी टीव्हीची पाठ दाव. त्वांड सगळ्यांचंच चांगलं असतंय.’ मग बॅटरी घेऊन गुडघ्यावर बसायचा आणि भिंत नि टीव्ही यांच्या फटीत डोकं घालायचा. ज्या वायरीनं चित्र येतं त्याच वायरीनं आवाज रिसीव्हरकडं परत धाडणारं भोक या टीव्हीला आहे का, का जुन्याच वायरीवर भागवायचं, आणि या टीव्हीचं चित्र कुठला रिसीव्हर न अडखळता पुढं सोडेल, एवढं बघून झालं की कपडे झटकत उठायचा आणि एका रिसीव्हरचं नाव सांगायचा. एकच. स्वतः विकत काही नव्हता, त्यामुळं दुकानदार त्याच्या नावानं बोटं मोडायचे.

जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याकडं मी त्याच्याबरोबर गेलतो. सगळ्यात भारी टीव्ही आणि सगळ्यात भारी रिसीव्हर आणून ठेवला होता, आणि पडद्यावर चित्र येत-जात होतं. दस्तगीरनं पाठ बघितली आणि म्हणाला, ‘पावणं, पोरगी चांगली हाय, पोरगं बी चांगलं हाय. पर ह्यांचं लगीन लावू नका. एकमेकांची भाषा न्हाय कळत त्यास्नी.’ व्यापारी भडकला. एवढा मोठा माल, त्याला नावं ठेवतोस म्हणजे काय! दोन महिन्यांनी तो रिसीव्हर पुतण्याच्या घरी गेला आणि दस्तगीरनं सांगितलेला तिथं आला. दस्तगीरला ते कळवायचं मात्र त्यानं कष्ट घेतले नाहीत. मला कळलं ते कागलच्या त्याच्या व्याह्याकडून.

जोडणी झाली की घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस जिथं बसतं तिथं दस्तगीर बसायचा आणि बातम्या लावायचा. सिनेमा नाही, गाणी नाहीत, बातम्याच. बातम्या देणाऱ्या बाईच्या तोंडाकडं टक लावून बघायचा. शेवटी घरातल्या बाईला हाक मारायचा आणि रिमोट तिच्या हातात द्यायचा. ‘वहिनी, आवाज तुमच्या घरातला, कान तुमचं. बारीक आवाज टोचाय लागला की थांबा.’ या त्याच्या रीतीचं गावात केवढं कौतुक! एवढा जाणता माणूस, पण शेवटचा शब्द घरच्या बाईचा. शिक्षकांच्या खोलीत मीच नम्रतेचा धडा म्हणून हे रंगवून सांगितलं आहे. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. बारीक आवाज त्याला ऐकूच येत नव्हता. म्हणून रिमोट बाईच्या हातात होता, आणि म्हणूनच बातम्या होत्या, कारण तिथं माणूस समोर तोंड करून बोलतं.

कौतुक करणारं हेच गाव पाठीमागं म्हणायचं की दस्तगीरला माज आलाय. मंडईत मागनं हाक मारली तर वळून बघत नाही, फोन उचलत नाही. कधी चुकून उचललाच तर ‘व्हय की, व्हय की’ म्हणून ठेवून देतो आणि सांगितलेल्या दिवशी येत नाही. ‘फोनवर मला बोलाय जमत न्हाय मर्दा, मेसेज टाक,’ तो प्रत्येकाला सांगायचा, आणि प्रत्येकाला वाटायचं की साहेब झालाय. मलाही वाटायचं. मी तर तोंडावर बोललोय. एकदा चारचौघांत, चहाच्या गाड्यावर, मोठ्या आवाजात. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, सगळं नीट बघितलं, आणि हसला... ते हसू मला उर्मट वाटलं होतं.

आता माझ्या घरची गोष्ट. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. कान कमी झालेत, पण कानातलं मशीन डबीत असतं, कारण ‘कानात भुंगा कोंडल्यागत हुतंय’. संध्याकाळच्या बातम्या आणि त्यामागची मालिका, एवढाच तिचा दिवस. वर्षभरापूर्वी ती कुरकुरायला लागली की हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. मी ठरवलं, आईसाठी चांगला रिसीव्हर घ्यायचा. दस्तगीरला मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं, ‘थांब, येऊन पाठ बघतो.’ आठवडा गेला. शिरोळकडं कुठंतरी कामात अडकला होता. मी फोन केले, एका दिवसात पाच. एकही उचलला नाही. मग माझंही डोकं फिरलं. सणाचा सेल लागला होता, तिथं जाऊन त्यातल्या त्यात जड रिसीव्हर उचलून आणला, त्याच कलिंगडवाल्यांसारखा. दुकानाच्या माणसानं जोडून दिला. आवाज असा की खिडकीच्या काचा थरथरल्या. मी आईकडं विजयी नजरेनं बघितलं. तीही हसली, माझ्या समाधानासाठी.

पंधरा दिवसांत तिनं टीव्ही बघणं बंद केलं. ‘मालिकेत काय राम ऱ्हायला न्हाय,’ म्हणायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. आम्ही समजलो, वय झालं.

मग आणखी पंधरा दिवसांनी दस्तगीर उगवला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. दारातच सुरू झालो. माज, मस्ती, जुना दोस्त म्हणून घेतोस, सगळं काढलं. तो ऐकून घेतल्यासारखा उभा राहिला. मग प्लास्टिकची खुर्ची ओढून आईच्या शेजारी बसला, बातम्या लावल्या आणि दहा मिनिटं हलला नाही.

‘मास्तर, आवाज मागं ऱ्हातोय.’

मी कान देऊन ऐकलं. मला काही कळेना. बायकोलाही कळेना. आम्ही दोघं हसलो. तो हसला नाही. ‘बाईनं व्हट मिटून उघडल्यावर शब्द ऐकाय येतोय,’ तो म्हणाला. ‘कणभरच हाय. तुम्ही कानानं ऐकताय, तुमाला न्हाय समजायचं. काकी डोळ्यानं ऐकत्यात. त्वांड एक बोलतंय आणि आवाज दुसराच येतोय म्हटल्यावर त्यांनी काय करायचं?’ हे त्यानं आईच्या समोर तोंड करून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. आईनं पदर डोळ्यांना लावला. ‘मला वाटलं, माझंच डोस्कं चाललं,’ ती म्हणाली. ‘कुणाला सांगू?’ पंधरा दिवस ती म्हातारी भिंतीकडं तोंड करून, आपल्याला वेड लागतंय या भीतीत पडून होती, आणि मी तिच्या उशाशी माझ्या जड रिसीव्हरवरची धूळ पुसत होतो.

त्यानं टीव्हीची पाठ बघितली. आमचा टीव्ही जुना, आवाज परत धाडायचं भोकच नाही. जुन्या वायरीनं आवाज जायचा आणि माझा महागडा रिसीव्हर तो चावून चावून उशिरा बाहेर टाकायचा. ‘मग ह्याच्यात बटण दाबून आवाज पुढं घे की,’ मी म्हणालो. दस्तगीरनं मान हलवली. ‘पुढं पळालेला आवाज धरून ठेवता येतोय मास्तर. मागं ऱ्हायलेल्याला वढून आणता येत न्हाय. कुठल्याच मशीनला.’ यावर उपाय एकच होता. सेट-टॉप बॉक्सची वायर आधी रिसीव्हरला लावायची आणि तिथून नुसतं चित्र टीव्हीला द्यायचं. जुन्या टीव्हीला चित्र जुळवायला वेळ लागतो, म्हणजे आवाज पुढं जातो, आणि मग त्याला हवा तेवढा थांबवता येतो. पण माझ्या रिसीव्हरचं आमच्या टीव्हीशी तेही जमेना, पडदा मिनिटामिनिटाला काळा व्हायचा. तीन दिवसांनी दस्तगीर एक छोटा, दिसायला अगदीच गरीब रिसीव्हर घेऊन आला. आमच्या टीव्हीच्या पाठीकडं बघून निवडलेला. मग आवाज एकेक घर मागं धरत, एकदा बातम्यांच्या बाईकडं आणि एकदा आईच्या चेहऱ्याकडं बघत बसला. एका क्षणी आईनं हात वर केला. ‘आत्ता!’ त्यानं तो आकडा पेन्सिलीनं रिसीव्हरखालच्या फळीवर लिहिला. ‘तुला कसं रं कळलं?’ मी विचारलं. ‘धंदा हाय मर्दा,’ तो म्हणाला, आणि तिथंच विषय संपला. मी हुशार माणूस. मी पुढं काही विचारलं नाही.

त्यानंतर तो वरचेवर यायचा. संध्याकाळी खुर्ची ओढायची, आईसमोर बसायचं आणि दोघांनी गप्पा मारायच्या. आईला माझ्यापेक्षा त्याचं बोलणं जास्त कळायचं, याचा मला थोडा हेवाही वाटायचा. अशाच एका संध्याकाळी त्यानं छातीवर हात ठेवला. ‘कायतरी दाबल्यागत हुतंय,’ म्हणाला. कपाळाला घाम होता. आदल्या दिवशी कुणाचा तरी स्पीकर तीन मजले चढवला होता. मी त्याला स्कूटरवर घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तापाची साथ होती, आत बसायला जागा नव्हती, म्हणून मी बाहेर थांबलो. अर्ध्या तासानं तो आला. गॅस आहे, असं समजून मी त्याला घरी सोडलं आणि त्याच्या बायकोला, भाभींना, दारातूनच ओरडून सांगितलं, ‘ओवा द्या, झोपू द्या.’ सकाळी मेहुण्याचा फोन आला.

जियारतीला, म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या दुव्याला, भाभींनी मला आत बोलावलं आणि एक घडी घातलेला कागद दिला. ‘ह्यांच्या शर्टाच्या खिशात व्हता. इंग्रजी हाय. वाचून सांगा, मास्तर.’ मी वाचला. आजच, उशीर न करता, मोठ्या दवाखान्यात दाखल व्हा, असं त्यात लिहिलं होतं. मी तो दोनदा वाचला आणि भाभींना सांगितला. ‘म्हंजे त्यांना ऐकायलाच आलं न्हाय,’ त्या म्हणाल्या. आणि मग सगळं सांगितलं. कान कधी गेले, मशीन आणलं होतं पण ते घरातच कसं घालायचे आणि दार वाजलं की काढून कपाटात कसं टाकायचे, बाहेर नुसतं माणसांच्या ओठांवर कसं भागवायचे, आणि ओठ दिसले नाहीत तर ‘व्हय की’ म्हणून कसे मोकळे व्हायचे.

मी तडक दवाखान्यात गेलो. भांडायलाच. एवढं गंभीर होतं तर माणसाला सोडला कसा? डॉक्टर तरुण होते, भले होते. ‘मी दोनदा सांगितलं, ईसीजीची पट्टी बरी नाही, आजच दाखल व्हा,’ ते म्हणाले. ‘सोबत कोणी आहे का विचारलं, त्यांना आत पाठवा म्हटलं. ते हो हो म्हणाले आणि कागद घेऊन गेले.’ हे सगळं ते तोंडावर मास्क लावून बोलत होते, साथीमुळं. मला एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. मी त्या मास्ककडं बघितलं आणि न भांडताच परत फिरलो.

घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘मला ठावं हुतं.’ पहिल्याच दिवशी खुर्चीवर बसला तेव्हाच तिनं ओळखलं होतं. ‘माझ्यावाणीच तोंडाकडं बघत हुता की. न कळाय काय झालं?’ मी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईवर ओरडलो, जन्मात पहिल्यांदा. ‘मग मला सांगितलं का न्हाईस?’ ती शांतपणे म्हणाली, ‘त्यानं हात जोडलं. म्हणाला, काकी, आवाजवाल्याच्या कानात मशीन दिसलं तर दारात कोण हुबं करंल?’ त्याचा हिशेब बरोबर होता, याचाच संताप येतो. चष्मा लावलेला सोनार चालतो, चष्मा लावलेला शिंपी चालतो. कानात मशीन घातलेला आवाजवाला या गावाला चालला नसता. आणि मी? मी ती गोष्ट चहाच्या गाड्यावर हसत हसत सांगितली असती. मित्र असून सांगितली असती... म्हणूनच त्यानं मला सांगितलं नाही. आणि तू, दस्तगीर, तू तरी नावासाठी जीव देतोस? भाभींचा काय गुन्हा होता? दहा माणसांनी दारात उभं केलं नसतं, अकराव्यानं केलं असतं. मेल्या, तुझ्यासारखी टीव्हीची पाठ बघणारा दुसरा होता कोण?

गेले सहा आठवडे आई रोज संध्याकाळी डॉक्टरला शिव्या घालते. ‘माणसाला नीट सांगाय येत न्हाय, डॉक्टर कशाला झाला?’ आणि मी घालू देतो. कारण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नव्हती. भाभींनाही नाही. दस्तगीर दवाखान्यातून बाहेर आला तेव्हा मी स्कूटर चालू करून, हेल्मेट घालून बसलो होतो. मला एका लग्नाच्या रिसेप्शनला जायचं होतं आणि उशीर झाला होता. तो मागं बसला. मी रस्त्याकडं तोंड करून ओरडलो, ‘काय म्हणालं? गॅसच हाय न्हवं?’ त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘व्हय की.’ मी म्हणालो, ‘घरला सोडू?’ तो म्हणाला, ‘व्हय की.’ गॅस हा शब्द डॉक्टर बोलले नव्हते, दस्तगीरही बोलला नव्हता. तो मी बोललो होतो. डॉक्टरांना माहीत नव्हतं की ते कुणाशी बोलताहेत. मी चाळीस वर्षं ओळखत होतो, आणि मान वळवून त्याच्याकडं बघायला मला जमलं नाही. खिशातला कागद मागावा, एवढंही सुचलं नाही. रिसेप्शनला मात्र मी वेळेत पोचलो, जेवलो, आईस्क्रीम खाल्लं.

हे ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येणार आहे, ती आई चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. तेव्हा तिला हे छापून कळण्याआधी मी सांगणं भाग होतं. काल संध्याकाळी बातम्या लागल्या होत्या. दस्तगीरनं फळीवर लिहिलेला आकडा अजून तसाच आहे, त्याला कुणी हात लावत नाही, आणि बाईचे ओठ नि शब्द बरोबर एकमेकांवर पडत होते. खुर्ची आईच्या शेजारी रिकामी होती. मी उभ्या उभ्याच, टीव्हीकडं बघत, एका दमात सगळं सांगून टाकलं. स्कूटर, हेल्मेट, गॅस, रिसेप्शन. सांगून झालं, आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

आईनं माझी बाही ओढली. ‘मला काय कळलं न्हाय,’ ती म्हणाली. ‘हिकडं त्वांड करून सांग.’

मी रिसीव्हर बंद केला. दस्तगीरची खुर्ची तिच्या पुढ्यात ओढली, बसलो, आणि तिच्याकडं बघत पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.